डाव्या पॅडमधली पत्रं

अंधेरी (पूर्व)
रविवार, १६ नोव्हेंबर २०२५

प्रिय कमळ,

हे पत्र नेहमीच्या ठिकाणी, तुझ्या नातीच्या डाव्या पॅडच्या आत घडी करून ठेवते आहे. रोशनी हॉकीची गोलकीपर झाल्यापासून आपण पोस्टमनला विसरूनच गेलो. ती इथला सराव आटोपून मार्वेला फेरी पकडते, मनोरीला उतरते, पॅड उन्हात टाकते आणि तुला माझं पत्र मिळतं. फोनवर तुला नीट ऐकू येत नाही आणि कानात ते यंत्र घालायला तू तयार नाहीस. मला मात्र त्याचं वाईट वाटत नाही. शाळेत आपण इंग्रजीत निबंध लिहायचो आणि मराठीत चिठ्ठ्या. निबंध संपले, चिठ्ठ्या चालू आहेत.

परवा मंडळाच्या खोलीत गेल्या मोसमाचा फोटो लावला. गुणाजी शिडीवर, मी खाली उभी राहून "डावीकडे, जरा वर" करते आहे. तो म्हणाला, "मॅडम, कप लवकर आला होता. तुमचा फोटो सरळ व्हायला जास्त वेळ लागतोय." तीस वर्षं आपल्या मैदानावर पाणी मारतो तो, त्याला बोलायचा अधिकार आहे. फोटोत रोशनी मधोमध बसली आहे, हेल्मेट मांडीवर. अंतिम सामन्याच्या शूटआउटमध्ये तिने शेवटचे तीन चेंडू अडवले तेव्हा तू गोलामागच्या खुर्चीवरून उठून उभी राहिली होतीस आणि पंचांनी तुला दोनदा खाली बसायला सांगितलं होतं. उदयशिखर क्रीडा मंडळ, उपनगर महिला लीगचे विजेते. फोटोखाली ही ओळ मी माझ्या अक्षरात लिहिली आहे. शाळेतल्या सिस्टर बेनिग्ना असत्या तर 'विजेते'ची वेलांटी बारीक झाली म्हणाल्या असत्या.

पण कप राखायचा तर संघ जागेवर हवा. आपली कप्तान श्वेता खेळाच्या कोट्यातून नोकरी लागून नागपूरला गेली. तिच्या जोडीची फुलबॅक गुडघ्याचं ऑपरेशन करून घरी बसली आहे. म्हणजे बचावाची जोडीच गेली. पवईहून एक नवी मुलगी आली आहे, प्रांजल. सतरा वर्षांची, आणि दारातून वाकून आत यावं लागतं एवढी उंच. पण तीही गोलकीपर. आपला प्रशिक्षक सौरभ दिवसभर लॅपटॉपवर अकरा ठिपके सरकवत असतो. मी नुसती व्यवस्थापक. लिंबूपाणी, बँडेज आणि बस हे माझं खातं. तरी तो मला विचारतो, हा त्याचा चांगुलपणा.

अठरा जणींची यादी तीस तारखेला लीगकडे द्यायची आहे. चौदा डिसेंबरला मोसमाचा पहिला सामना, आणि तो आपल्याच मैदानावर. गोलांच्या जाळ्यांचं काम तू काढलं असशीलच. सात वर्षं तुझ्या हातच्या जाळ्यांशिवाय आपलं मैदान उघडलेलं नाही.

तुझी,
नलू

मनोरी
गुरुवार, २० नोव्हेंबर

नलू,

पत्र मिळालं. पॅडला घामाचा वास, पत्रालाही. मला चालतो. आमच्या घरात वासावर कुणी बोलत नाही.

उजव्या गोलाची जाळी नवी विणायला घेतली आहे, डावीची फाटलेली तीन घरं सांधली. प्रज्योत विचारत होता, "आई, मासळी धरायची जाळी पडून आहेत आणि तू चेंडूची विणतेस?" मी म्हटलं, तुझ्या जाळ्यात काही येईल याची खात्री नाही. माझ्या जाळ्यात चेंडू येणार. उजव्या गोलात थोडे येवोत आणि डाव्यात भरपूर. मध्यंतरानंतर उलट.

सौरभला सांग, ठिपके पळत नाहीत. माणसं पळतात.

श्वेता गेली त्याचं वाईट वाटलं, पण पोरीला नोकरी लागली, ते चांगलं झालं. तू बचावाची काळजी करू नकोस. मागे रोशनी आहे. पुढच्या दोघी कुणी का असेनात, मागचं माणूस पक्कं असलं की झालं. आपल्या वेळी तू फुलबॅक होतीस आणि दर सामन्यात दोन तरी चेंडू तुझ्या पायांमधून जायचे. मी होते म्हणून निभावलं.

रोशनीला मी सात वर्षांची असल्यापासून सांगत आले, गोल म्हणजे घर. बाकीच्या अंगणात खेळतात, घर एकटीने राखायचं असतं. अख्ख्या गावात बायका मला 'गोलकीपरची आजी' म्हणतात. मासळीच्या बाजारात सुद्धा. परवा एकीने मला त्या नावावर दोन बोंबील जास्त घातले.

पोरगी हल्ली गप्प असते. रोज सकाळी ओहोटीला वाळूवरून धावत गोराईच्या बाजूला जाते आणि घामाघूम होऊन येते. म्हटलं, गोलकीपरला एवढं धावायचं काय काम गो? तर म्हणते, "असंच, आजी." नव्या उंच पोरीची धास्ती घेतली असेल. घेऊ दे. धास्तीने माणूस चांगला खेळतो.

कमळ

अंधेरी
मंगळवार, २५ नोव्हेंबर

प्रिय कमळ,

पाकिटावर तिकीट बघून तू आधीच ओळखलं असशील. हे पत्र मी रोशनीच्या पॅडमध्ये ठेवू शकले नाही, कारण ते तिच्याबद्दल आहे.

यादी आम्ही काल नक्की केली. रोशनी अठरात आहे, अकरातही आहे. पण गोलात नाही. गोलात प्रांजल उभी राहील. रोशनी फुलबॅक खेळेल, श्वेताच्या जागी.

मी तुला कारणं सांगते. ती खरी आहेत. बचावात आमच्याकडे कुणीच नाही. रोशनीला मागून सगळं मैदान वाचायची सवय आहे, कुठला चेंडू कुठे येणार हे तिला इतरांच्या आधी कळतं. प्रांजल गोलात चांगली आहे. रोशनीइतकी नाही, पण होईल. एक चांगली गोलकीपर आणि एक कच्ची फुलबॅक यापेक्षा एक बरी गोलकीपर आणि एक उत्तम फुलबॅक असेल तर संघ मजबूत होतो, असं सौरभचं म्हणणं. ते मला पटलं. निर्णय आम्हा दोघांचा आहे. माझा जास्त समज.

हे तुला सामन्याच्या दिवशी फळ्यावर वाचायला मिळू नये म्हणून लिहिते आहे. शाळेत सिस्टर यादी फळ्यावर लावायच्या आणि आपण सगळ्या टाचा उंचावून आपलं नाव शोधायचो. ज्यांचं नसायचं त्यांच्याकडे बघायचं धैर्य माझ्यात कधी नव्हतं. आता बासष्टाव्या वर्षी थोडं आलं आहे.

दुसरी गोष्ट. सराव आता सकाळ-संध्याकाळ आहे आणि फेरीच्या वेळा जमत नाहीत, म्हणून रोशनी सामन्यापर्यंत माझ्याकडे राहते आहे. माझ्या नितेशची खोली, तो मुलुंडला राहायला गेल्यापासून, रिकामीच आहे. जेवते व्यवस्थित.

रागावलीस तर माझ्यावर रागाव.

नलू

मनोरी
मंगळवार, २ डिसेंबर

नलिनी,

तुझं पत्र शुक्रवारी आलं. चार दिवस मी उत्तर लिहिलं नाही, कारण जे लिहावंसं वाटत होतं ते सिस्टरांनी शिकवलेल्या पत्रलेखनात बसलं नसतं.

मला एवढंच सांग, तीन चेंडू कुणी अडवले? ठिपक्यांनी? तुमच्या फोटोत मधोमध कोण बसलंय? जिच्यामुळे कप आला तिलाच घरातून काढून अंगणात उभं केलंत आणि वर मला कारणं सांगतेस. तुझी कारणं मी वाचली. नीट लिहिली आहेस. तू नेहमीच नीट लिहायचीस.

मला तुझं सगळ्यात जास्त काय लागलं माहीत आहे? पत्र पोस्टाने पाठवलंस ते. म्हणजे पोरीला माहीत नसताना तुम्ही ठरवलंत. तिला विचारलंही नसणार. ती कुणाला नाही म्हणत नाही, तेवढा फायदा घेतलात.

बाजारात आता काय सांगू मी? नात हॉकी खेळते, पण कुठे ते विचारू नका?

उजवी जाळी अर्धी झाली होती. तशीच खुंटीला टांगून ठेवली आहे. या वर्षी दुकानातून आणा. आणि प्रज्योत शनिवारी अंधेरीला येतो आहे, बर्फाच्या कामाला. त्याच्याबरोबर रोशनीला घरी पाठव. पॅड ठेवून घ्या, पोरगी परत द्या. तिचं नाव यादीत आहे ते राहू दे, मिरवायला उपयोगी पडेल.

माझ्याकडे रागावायला दुसरं कुणी नाही. तुझ्यावरच रागावले आहे.

कमळ

अंधेरी
शुक्रवार, ५ डिसेंबर

कमळ,

तुझं पत्र मी दोनदा वाचलं. जे लिहिलंस त्यातलं काहीच मी परत करणार नाही, ठेवून घेतलं.

उद्या प्रज्योत आला तर रोशनी त्याच्याबरोबर येईल. तिला थांबवायचा मला काही हक्क नाही. संघात एक जागा मोकळी राहील आणि आपण विजेते असूनही दहा जणींवर उतरल्यासारखे उतरू. तेही चालवून घेऊ. पण त्याआधी मला दोन मिनिटं दे.

काल संध्याकाळी मी बाकावर बसले होते. सौरभने दोन संघ करून खेळवलं. पुढची फळी चेंडू घेऊन सुटली, रोशनी एकटी मागे. गोलात असती तर ती थांबली असती, कारण गोलकीपरला थांबावंच लागतं. ती थांबली नाही. पुढे झाली, काठी आडवी टाकली, चेंडू काढून घेतला आणि घेऊन निघाली. मैदानाच्या मध्यापर्यंत. मग पंचवीस यार्डांच्या रेषेपर्यंत. सौरभ ओरडतो आहे, "रोशनी, पास दे यार, पास!" आणि ती हसते आहे. कमळ, ती आठ वर्षं आमच्याकडे खेळते आहे. हेल्मेटच्या जाळीआड तिचा खेळतानाचा चेहरा मी कधी पाहिलाच नव्हता. तुझ्यासारखी हसते. दात न दाखवता, एका बाजूने.

प्रांजल गोलातून ओरडली, "ताई, परत ये ना, मी एकटी आहे." ती परत आली तेव्हा तिला धाप लागली होती आणि तिने मला विचारलं, "नलूआजी, आजीने पाहिलं असतं तर?" मैदानावर ती मला मॅडम म्हणते. त्या वेळी विसरली.

मी तिच्या हातात लिंबूपाणी दिलं. उत्तर तुला देते आहे. तू पाहायला हवं होतंस.

नलू

अंधेरी
शुक्रवार, ५ डिसेंबर

आजी,

नलूआजी आत पोळ्या करते आहे आणि मी हे तिला न सांगता लिहिते आहे. उद्या पप्पांच्या हाती देईन. पप्पांना म्हटलंय की मी सोमवारी येईन, तोवर आजीने हे वाचलं पाहिजे. तू वाचलंस आणि तरी म्हणालीस ये, तर मी सामना सोडून येईन. शप्पथ.

तुझं पत्र मी वाचलं. नलूआजीने दाखवलं नाही, टेबलावर उघडं होतं. आठ वर्षं तुमची पत्रं पॅडमधून नेते, एकदासुद्धा उघडलं नाही. हे पहिलं. सॉरी.

नलूआजीने तुला खोटं सांगितलं. तिने आणि सरांनी नाही ठरवलं. मी मागितलं. बावीस तारखेला सरावानंतर मी दोघांना सांगितलं, मला गोलात नाही उभं राहायचं, मला फुलबॅक खेळू द्या. सर तर आधी वैतागले. म्हणाले, "वेडी आहेस का, तू चॅम्पियन गोलकीपर आहेस." मग मला दोन दिवस बाहेर खेळवून बघितलं आणि हो म्हणाले. मी नलूआजीच्या हातापाया पडले की आजीला माझं नाव सांगू नको. ती म्हणाली, "बरं, माझं सांगते." एवढंच. एका शब्दाने मला काही विचारलं नाही.

आजी, मला गोल आवडत नाही असं नाही गं. पण मला धावायचं आहे. तिथे उभी असते ना, तेव्हा सगळ्या लांब धावत असतात आणि मी त्यांच्याकडे बघत असते. सत्तर मिनिटांत माझ्याकडे चेंडू दहा वेळा येतो. बाकी वेळ मी नुसती वाट बघते. तुला सांगितलं नाही कारण तुझी ती जागा होती. तू म्हणायचीस गोल म्हणजे घर. मला वाटलं, मी घर सोडून चालले असं तुला वाटेल.

मी सकाळी धावायचे ते धास्तीने नाही. नुसती धावायचे.

तुझी,
रोशनी

मनोरी
मंगळवार, ९ डिसेंबर

नलू,

प्रज्योतने तुझं आणि रोशनीचं पत्र शनिवारी आणलं. सोमवारी ती आली नाही, कारण मी त्याच्या फोनवरून निरोप पाठवला, येऊ नकोस, सराव कर. तुला तिने सांगितलं असेलच. आज तुला लिहिते आहे, कारण जे निरोपात बसत नाही ते लिहावं लागतं.

आधी एक सांगते. तू माझ्याशी खोटं बोललीस ते मी लक्षात ठेवणार आहे. तुझ्या खात्यात चांगल्या बाजूला.

आता माझं ऐक. पन्नास वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही. माझ्या माणसाला नाही, प्रज्योतला नाही, तुलाही नाही.

मला गोलात उभं राहायचं नव्हतं.

सातवीत सिस्टरांनी हॉकी सुरू केली तेव्हा मैदानावर पांढरे कॅनव्हासचे बूट सक्तीचे होते. माझ्याकडे फक्त शाळेचे काळे होते, ते पण दादाचे. पांढरे नव्हते. पहिल्या शनिवारी मी अनवाणी रांगेत उभी होते आणि काठी पायांपुढे धरली होती, पाय दिसू नयेत म्हणून. सिस्टर बेनिग्ना रांगेतून आल्या, माझ्या पायांकडे बघितलं. पुढे गेल्या आणि परत आल्या. म्हणाल्या, "कमळ, तू गोलात उभी राहा. तिथे सगळं शाळेचं मिळतं." पॅड शाळेचे, पायांवर बांधायचे किकर शाळेचे. किकर बांधले की आत काय आहे कुणाला दिसत नाही. मी आत चिंध्या भरायचे. चार वर्षं मी चिंध्यांवर उभी राहून खेळले आणि तुम्हा कुणाला कळलं नाही. सिस्टरांनी कुणाला कळू दिलं नाही. फार मोठ्या मनाची बाई होती ती.

मग मी चांगली झाले. आणि चांगल्या माणसाला जागेवरून कोण हलवतं?

मला तुझ्यासारखं धावायचं होतं, नलू. तू चेंडू घेऊन सुटलीस की मी मागून ओरडायचे, "परत ये गो, मी एकटी आहे." तुझ्या पत्रात त्या पवईच्या पोरीचं वाक्य वाचलं आणि माझ्या हातातली सुई थांबली.

नंतर मी स्वतःलाच सांगत गेले, गोल म्हणजे घर, गोल म्हणजे घर. इतकं सांगितलं की मला ते खरं वाटायला लागलं, आणि मग नातीला शिकवलं. तिने माझ्यासाठी आठ वर्षं ते पॅड बांधले. मी शाळेसाठी चार वर्षं बांधले. दोघींपैकी एकीने तोंड उघडलं हे बरं झालं, आणि ती ती होती याचा मला किती अभिमान वाटतो ते तुला कसं सांगू. मी तिच्या वयात नसते बोलले. मी तिच्या आजीच्या वयात पण बोलले नव्हते.

बाजारात आज सांगून टाकलं. "नात गोलात नाही, फुलबॅक आहे." एकीने विचारलं, म्हणजे काय? मी म्हटलं, म्हणजे ती घराच्या बाहेर उभी राहून घर राखते. ते सगळ्यांना समजलं. आमच्याकडे बायका तेच करतात.

उजवी जाळी काल पुरी झाली. दोन्ही शनिवारी प्रज्योत घेऊन येईल. गुणाजीला सांग, ताणून बांधू नको, मागे सैल सोड. ताणलेल्या जाळीवरून चेंडू उलटा येतो आणि पंच गोल देत नाही, दोन वर्षांपूर्वी झालं होतं तसं.

आणि या वेळी मला गोलामागची खुर्ची नको. पहिल्या सामन्याआधी कुणीतरी जुनी खेळाडू मधल्या रेषेवरून पहिला चेंडू ढकलते ना? दर वर्षी मला विचारतेस आणि मी नाही म्हणते. या वर्षी मी ढकलते.

कमळ

अंधेरी
बुधवार, १७ डिसेंबर २०२५

प्रिय कमळ,

रविवारी तू चेंडूकडे बघत होतीस. म्हणून तुला जे दिसलं नाही तेवढंच लिहिते.

तू हिरवं लुगडं नेसून आलीस, गुडघ्यापर्यंत, सणाला नेसतेस तसं. मी तुझ्यापुढे बुटांचा खोका धरला तेव्हा तू आत बघितलंस आणि म्हणालीस, "नंबर कुणी सांगितला?" रोशनी दुसरीकडे बघायला लागली. मी तुला तिथे जे बोलू शकले नाही ते इथे लिहिते. शाळेत माझ्याकडे पांढऱ्या बुटांचे दोन जोड होते. एक शनिवारी वापरायचा आणि एक ओला झाला तर. बाबा गिरणीतून आले की स्वतः खडू लावून ठेवायचे. चार वर्षं मी तुझ्यापुढे दहा पावलांवर खेळले आणि एकदाही मागे वळून तुझ्या पायांकडे पाहिलं नाही. तू हे मला पत्रात कुठेच ऐकवलं नाहीस. तुझी तीच रीत आहे.

तू मधल्या रेषेवर उभी राहिलीस. लीगचे साहेब टाळ्या वाजवायच्या तयारीत होते. पद्धत अशी की चेंडू काठीने हलका ढकलायचा, फोटो काढायचा आणि बाजूला व्हायचं. तू ढकललास. मग त्याच्या मागे गेलीस. मग पुन्हा ढकललास.

सौरभ म्हणाला, "मॅडम, आजी थांबत नाहीयेत."

मी म्हटलं, "थांबवू नकोस."

कमळ, तू धावलीस. वेगात नाही, मी तुला खोटं सांगणार नाही, एकदा पुरे झालं. पण धावलीस. पांढरे बूट आपल्या लाल मुरमावर, लुगड्याचा काठ पोटऱ्यांवर आपटतो आहे, डोकं खाली. पंचवीस यार्डांची रेषा तू ओलांडलीस तेव्हा दोन्ही संघांच्या मुली आपोआप बाजूला झाल्या आणि वाट मोकळी झाली. पाहुण्या संघाची कप्तान काठी जमिनीवर आपटायला लागली, मग सगळ्याच आपटायला लागल्या. गुणाजीच्या हातातली पाण्याची नळी त्याच्याच पायांवर वाहत होती. आणि रोशनी तुझ्या मागून, दहा पावलं अंतर ठेवून, तुझ्या चालीने येत होती. तू पडलीस तर असावी म्हणून. तू मागे पाहिलं नाहीस, म्हणून सांगते.

प्रांजल गोलात उभी होती आणि तिला काय करावं ते कळत नव्हतं. तिने तुला मुद्दाम सोडलं असं सौरभ म्हणतो. मी तिला विचारलं. ती चक्क रागावली. म्हणाली, "मी का सोडू? आजींनी उजवीकडे बघितलं आणि डावीकडे मारलं." गोलकीपर कशाला फसते हे एवढ्या वर्षांनंतरही तुझ्या लक्षात आहे. चेंडू तुझ्याच हातच्या जाळीत गेला आणि तिथेच राहिला. गुणाजीने ती बरोबर सैल बांधली होती.

साहेबांनी घड्याळ बघितलं, सामना सात मिनिटं उशिरा सुरू झाला. तो एक-एक असा बरोबरीत सुटला हे तू पाहिलंसच. विजेत्यांनी घरच्या मैदानावर पहिला सामना जिंकायला हवा होता, असं मला संध्याकाळी फोनवर तिघांनी ऐकवलं. मी हो हो म्हटलं. शेवटच्या मिनिटाला प्रांजल पडली होती, गोल मोकळा होता आणि रोशनीने रेषेवरून चेंडू काठीने बाहेर काढला. ते बघताना माझ्या मनात आलं, घर राखायचं ती काही विसरलेली नाही. बाहेरून आत धावत आली, एवढाच फरक. फळ्यावर सोमवारी मी नवी यादी लावली. त्यात तिच्या नावापुढे 'कप्तान' लिहिलं आहे. हे तिने तुला काल सांगितलं असेल. नसेल सांगितलं तर मी सांगितलं असं दाखवू नकोस.

आता भांडणाची गोष्ट. आज सकाळी सरावाला येताना रोशनीने तिच्या पिशवीतून तुझे बूट काढून माझ्यापुढे ठेवले. धुतलेले, उन्हात वाळवलेले, वर खडू लावलेला, नाड्या इस्त्री केल्यासारख्या. म्हणाली, "आजीने सांगितलंय, मंडळाच्या कपाटात जमा कर आणि मॅडमची सही घे."

ते बूट मी तुला परत पाठवते आहे. कपाटात जमा होणार नाहीत आणि सही मिळणार नाही. ते मंडळाचे नाहीत, शाळेचेही नाहीत. तुझे आहेत. ओहोटीला वाळूवरून रोशनीबरोबर जा. गोराईपर्यंत नको, होडीच्या धक्क्यापर्यंत पुरे.

आणि पॅड आता प्रांजलकडे गेले, तेव्हा आपली पत्रं कुठे ठेवायची हा प्रश्न होता. हे मी डाव्या बुटात घातलं आहे. उत्तर उजव्यात पाठव.

तुझी,
नलू